रडण्याची पूर्वमंजुरी

साहेबांनी मला लोखंडी कपाटाच्या गळ्यात पडून रडायला सांगितलं. आणि मी रडले.

हिंगोलीतली ती दुपार. टेबलाच्या पलीकडे साहेब, त्यांच्या उजव्या हाताला एक निवृत्त प्राध्यापक, डाव्या हाताला आमच्या रेडिओ केंद्राचे संचालक सर. मी उभी. टेबलावर टेपरेकॉर्डर. त्यातून माझ्या काकीचं रडणं नुकतंच वाजून थांबलं होतं. मी ओळ न् ओळ मराठीत करून सांगितली होती. साहेबांनी खुर्ची मागं झुलवली आणि म्हणाले, "हे रडणं नेमकं कसं करतात? प्रत्यक्ष? करून दाखव की."

मी म्हणाले, एकटीनं होत नाही, त्याला दोघी लागतात.

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. दुसरी बाई नव्हती. "मग त्या कपाटाला धर."

प्राध्यापक हसले. चष्मा काढून पुसू लागले. "प्रात्यक्षिक," ते म्हणाले. आयुष्यभर वर्गात हा शब्द वापरायची संधी मिळाली नव्हती म्हणून की काय, दोनदा म्हणाले. संचालक सर टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत बसले.

कपाट हिरव्या रंगाचं होतं. थंड. हात त्याच्याभोवती पुरत नव्हते. दाराची मूठ छातीला टोचत होती. मी डोळे मिटले, पहिली ओळ उचलली आणि दुसरी ओळ घेतली. आवाज चांगला लागला, हे सांगायची मला लाज वाटते. पण लागला. साहेब म्हणाले, "वा."

मी कुठून आले ते सांगते. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडं आमचा तांडा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. आता आम्ही एका जागी बसून ज्वारी, कापूस आणि हळद करतो. घरात आमची बोली, बाहेर मराठी, हिंगोलीत हिंदी. तीन भाषा येणाऱ्या पोरीला शाळेत अडाणी म्हणायचे. कारण चौथी, म्हणजे पुस्तकातली, तिला येत नव्हती.

नव्वदच्या दशकातली ती शाळा. वर्षातून एकदा तपासणीला कुणी तरी जीपमधून यायचं. गुरुजी मला फळ्यापुढं उभं करायचे. "बोलून दाखव गं तुझी भाषा." मी बोलायचे. शेळीला काय म्हणतो, भाकरीला काय म्हणतो, आईला काय म्हणतो. याडी म्हटलं की पाहुणा हसायचा. मग एक बिस्किट मिळायचं. मी ते खायचे. पुढच्या वर्षी पुन्हा जीप आली की मी आपण होऊन पुढं सरकायचे. हे शिक्षण मला फार लवकर मिळालं. करून दाखवायचं आणि बिस्किट घ्यायचं.

मग मी शिकले. वाचायला लागले. हिंगोलीच्या वाचनालयात बसून हाताला लागेल ते वाचलं. आमचा जिल्हा नवा होता. परभणीपासून वेगळा झाला तेव्हा आमच्याकडं आधी पाट्या आल्या, मग खुर्च्या आल्या, मग खुर्च्यांवर माणसं आली. कामं अजून वाटेत आहेत.

दोन हजार सात-आठचा सुमार असेल. शिरड शहापूरच्या आतल्या बाजूला एका शिक्षण संस्थेला रेडिओ काढायची परवानगी मिळाली. छोटा रेडिओ. गच्चीवर एक मनोरा, खाली दोन खोल्या, भिंतींना गोधड्या लावलेल्या. दहा-बारा किलोमीटरपर्यंत आवाज जायचा. तेवढ्यात आमचे बरेच तांडे येत होते. त्यांना आमची बोली येणारं माणूस हवं होतं. मी लागले. याडीनं साऱ्या तांड्याला गूळ वाटला. आयुष्यात पहिल्यांदा माझी बोली येते म्हणून मला कुणी पगार देणार होतं.

मशीन सांभाळायला रफिकभाई होते. हिंगोलीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही आले तसं ते बसलं. पन्नाशीचा माणूस, कमी बोलायचा. मला आवाज कसा धरायचा, कसा जोडायचा, कसा कापायचा ते त्यांनी शिकवलं. कापायचं शिकवताना एकच गोष्ट सांगितली होती. "बहेन, श्वासात कापू नको. श्वास कापला की ऐकणाऱ्याला बराबर कळतं, इथं कुणाचा तरी हात पडला."

नियम होता की असल्या रेडिओवरून बातम्या द्यायच्या नाहीत. गाणी चालतील, शेतीचा सल्ला चालेल, आरोग्याची माहिती चालेल. बातमी नको. हा नियम दिल्लीचा. पण दिल्ली लांब पडते, म्हणून आमच्या जिल्ह्यात एका साहेबांनी स्वतःच एक समिती केली. तिचं काम म्हणजे आमचा कार्यक्रम लागायच्या आधी ऐकायचा आणि त्यात बातमी आहे की नाही ते ठरवायचं. ही समिती कुठल्या कागदानं झाली, ते मी पुढं शोधलं. कुठल्याच नाही. पण तिला टेबल होतं, चहा होता, शिक्का होता. आमच्याकडं एवढं असलं की कायदा आपोआप तयार होतो.

साहेबांना आमची बोली येत नव्हती. प्राध्यापकांनाही नाही. तेव्हा माझं काम असं ठरलं की मी कॅसेट घेऊन हिंगोलीला जायचं, वाजवायची, उभं राहून भाषांतर सांगायचं आणि ते लेखी करून खाली 'भाषांतरकार' म्हणून सही करायची. प्राध्यापक माझ्या मराठीतले ऱ्हस्वदीर्घ सुधारायचे. साहेब हातात शिसपेन्सिल घेऊन ऐकायचे. जे नको त्याच्याखाली रेघ. पेरणीच्या गाण्यात बियाणं उगवलं नाही अशी ओळ होती. रेघ. हातपंपाच्या माहितीत आमच्या तांड्याचा पंप वर्षभर बंद आहे असं एक म्हातारा बोलला होता. रेघ. "माहिती द्या. तक्रार म्हणजे बातमी." कधी संचालक सरांनी घाबरत विचारलं की हा आदेश समजायचा का, तर साहेब हसून म्हणायचे, "छे हो, सूचना आहे. निर्णय तुमचा."

निर्णय आमचा म्हणून आम्ही कापायचो.

आता रडण्याबद्दल. ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की आधी बोलत नाहीत. एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि रडतात. नुसतं रडत नाहीत, सुरात सांगतात. माझ्याकडं कोण गेलं, कसं गेलं, कुणी पाणी पाजलं, कुणी दार लावलं. दुसरी हुंकार देते, मधेच आपली ओळ घालते. ज्या घरी मयत झाली तिथं तर हे असतंच. आणि त्यात एक गोष्ट पक्की असते. सांगणारीचं सांगून होईपर्यंत ऐकणारीनं हात सोडायचा नाही. तांड्याचा नायक आला, पाऊस आला, चुलीवरची भाकरी करपली, तरी नाही. अर्ध्यात सोडलं तर मेलेल्याचा अपमान. आणि सांगणारीनं काही लपवायचं नाही. गळ्यात पडून खोटं बोललेली बाई आमच्यात पुन्हा कुणाच्या गळ्यात पडू शकत नाही.

जमनाकाकी माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. शेजारच्या तांड्यात राहायची. तिची लेक शेवंता माझ्याच वयाची. माहेरी बाळंतपणाला आली होती. सकाळी कळा सुरू झाल्या. बाजेवर टाकून चौघांनी तिला उपकेंद्रात नेलं. उपकेंद्राला कुलूप. लिंबाखाली बाज ठेवली. एक जण चावीसाठी पळाला, एक जण जीपसाठी. चावी मिळाली नाही. जीप मिळाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हिंगोलीच्या वाटेवर शेवंता गेली. लेकरूही गेलं.

मी तिसऱ्या दिवशी गेले. रेकॉर्डर खांद्याला होता, कारण मी कामावरून थेट गेले होते. काकी ओसरीतून उठली. मी म्हणाले, "काकी, मशीन हाय माज्यापाशी. बंद करून ठेवते."

ती म्हणाली, "काहून बंद? ऱ्हाऊ दे. समद्या तांड्याला जाऊ दे."

हे सगळं आमच्या बोलीत झालं. इथं मी ते मराठीत लिहिते आहे. एवढं भाषांतर मी माझ्या मर्जीनं करते.

मी बटण दाबलं आणि तिच्या गळ्यात पडले. तिनं शेवंताला पहिल्यांदा पाजलं तिथपासून सुरुवात केली. लग्नात नेसवलेल्या फेटियाला, म्हणजे घागऱ्याला, आरसे किती होते ते सांगितलं. मग बाज, मग वाट. मग ती म्हणाली:

"कुलूप पितळेचं, बाई गं, त्याच्यावर ऊन चमकून राहिलं.
माझी लेक कुलपाकडं बघून राहिली.
चावीवाली कुठं गेली, कुणी सांगा.
चावीवाली हार घालाया गेली, साहेबाच्या गळ्यात हार घालाया गेली.
माझ्या लेकीच्या गळ्याला कोरड पडली."

मी हुंकार देत होते. तिची पाठ माझ्या हाताखाली हालत होती. शेवटपर्यंत मी हात सोडला नाही.

ती कॅसेट मी हिंगोलीला नेली. मला वाटलं होतं की हे तर रडणं आहे. रडण्यात बातमी कोण शोधणार. यादीत मी 'पारंपरिक शोकगीत' असं लिहिलं होतं.

आता पुन्हा कपाटापाशी या.

मी कपाटाला धरून रडत होते आणि दुसऱ्या ओळीला डोळे उघडले. कपाटाशेजारी भिंतीवर एक फोटो होता. चौकटीतला, नवा. कसल्याशा आरोग्य कार्यक्रमाचं उद्घाटन. मागं फलक. पुढं आमचे साहेब मान वाकवून उभे. आणि त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घालणारी पांढऱ्या साडीतली बाई म्हणजे आमच्या उपकेंद्राची सिस्टर. मी तिला ओळखत होते. गरीब बाई. तिला बोलावलं असणार, ती गेली असणार. फलकावर तारीख होती. शेवंताची तारीख.

मी थांबले. साहेबांना वाटलं प्रात्यक्षिक संपलं. त्यांनी माझ्या कागदावर पेन्सिल टेकवली. "फार सुंदर. खरंच सुंदर. आपली संस्कृती किती समृद्ध आहे नाही का, सर?" प्राध्यापक म्हणाले, करुणरस. साहेबांनी पाच ओळींखाली पाच रेघा मारल्या. "हे कुलूप नको. हा हार वगैरे तर अजिबात नको. बाकी सगळं जाऊ दे. आणि एक करा. यापुढे रडण्याची संहिता आधी आणून दाखवत चला. म्हणजे ऐनवेळी असं होत नाही."

रडण्याची संहिता. आधी. मी ते माझ्या वहीत लिहून घेतलं. माणूस गेल्यावर आई काय म्हणणार ते आठवडाभर आधी टंकलिखित करून तीन प्रतींत. विनोद म्हणून म्हणत असते तर मी हसले असते. पण साहेब विनोद करणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या खोलीत विनोद दुसरेच करत, ते फक्त हसायला परवानगी देत.

फोटो माझ्या डोळ्यांपुढं होता. तारीख होती. मी कॅसेट पिशवीत टाकली आणि बाहेर आले. बसमध्ये संचालक सर म्हणाले, "परवानगी गेली तर सगळंच जाईल. तुझी नोकरी जाईल, माझी जाईल. पाच ओळींचा प्रश्न आहे." मला त्यांचा राग येत नाही. मला ते आठवतच नाहीत, आठवतो तो त्यांचा रुमाल. सारखा कपाळावर.

दुसऱ्या दिवशी मी कापायला बसले. रफिकभाईंनी सांगितलं, "मी नाही कापणार." त्यांनी मूळ कॅसेटची दुसरी प्रत केली, खिशात घातली आणि चहाला निघून गेले. मी कापलं. चाळीस सेकंद. काकीचा आवाज वाटेवर होता, तिथून एकदम शेवंताच्या केसांवर आला. मधे श्वास होता. मी श्वासात कापलं. दुसरी जागा नव्हती.

संध्याकाळी ते लागलं. तांड्यात सगळे ऐकत होते. मी पण ऐकलं, केंद्रात बसून, आणि स्वतःला सांगितलं की फारसं कळत नाही.

कळलं. आमच्या बायकांना कळायला व्याकरण लागत नाही. बाज निघाली, वाट आली, आणि मग दार कुणी लावलं ते येतं. ते आलंच नाही. सांगणारीनं गाळलं. काहून गाळलं? आठ दिवसांत जमनाकाकीच्या तांड्यात बोलणं सुरू झालं. हिनं कुलूप गिळलं. हिला कुणी तरी घरकुल कबूल केलं असेल. शेवंताच्या सासरची माणसं आली आणि ओसरीत न बसता उभ्या उभ्या गेली. तिची नणंद पाणवठ्यावर म्हणाली, "लेकीच्या मयतीत बी हिशोब केला बाईनं."

कुणी मला काही म्हणालं नाही. मशीनमध्ये माणूस हात घालू शकतो हे त्यांना माहीत नव्हतं. रेडिओत जे येतं ते बोलणाऱ्यानं बोललेलं असतं, असा त्यांचा भाबडा समज होता. सरकारचा कारभार नेमका ह्याच समजावर चालतो.

मी महिन्यानं काकीकडं गेले. ती ओसरीत मिरच्या निवडत होती. मी पुढं झाले, हात पसरले. ती उठली नाही. मिरची निवडत राहिली. मी तिथंच हात पसरून उभी. शेजारच्या दोन बायका बघत होत्या. मिरच्या निवडून झाल्यावर काकी म्हणाली, "तुज्या गळ्यात पडून मी समदं सांगितलं व्हतं का न्हाई?"

"व्हय काकी."

"मग गेलं कुठं?"

माझे हात अजून तसेच होते. ती म्हणाली, "हात खाली कर. दुखतील."

साहेबांच्या खोलीत मला अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. तो अपमान नव्हता. साहेबाला माझा अपमान करायची ऐपत नव्हती. ज्या माणसाला लोखंडी कपाट आणि बाई यांतला फरक कळत नाही, तो काय अपमान करणार. अपमान हा होता. हात पसरलेले, आणि समोरची उठत नाही.

त्यानंतर मी आधी एक केलं. नियम मागवला. पुरा वाचला, इंग्रजीतला, शब्दकोश घेऊन. समितीचा कुठं उल्लेख नाही. आधी ऐकवून मंजुरी घ्यायची असं कुठं नाही. मी हिंगोलीला गेले आणि साहेबांना म्हणाले, त्या पाच ओळी का काढायच्या ते मला लेखी हवं. साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं जसं टेबलावरचा पेपरवेट बोलला. मग फाईल मागवली, उघडून माझ्यापुढं सरकवली. माझा कागद. स्वच्छ. पेन्सिलीच्या रेघा खोडरबरानं खोडलेल्या. पाच ओळी तशाच्या तशा, आणि खाली एकच सही. माझी.

"आम्ही कुठं काय काढायला सांगितलं?" साहेब म्हणाले. "निर्णय तुमचाच असतो."

माझ्या आयुष्यात इतकं शिकवणारा कागद मी दुसरा वाचला नाही. मी त्याची नक्कल मागितली. कारकुनानं दिली. त्यात काहीच नव्हतं ना, मग न द्यायला कारण काय.

पुढच्या महिन्यात एक मोठे पाहुणे येणार होते. साहेबांच्याही वरचे. हिंगोलीत सभागृह, फलक, फुलं. साहेबांना आमचं रडणं आठवलं. संचालक सरांकरवी निरोप आला की कार्यक्रमपत्रिकेत सातवा क्रमांक 'लोकपरंपरा : भेटीचे रुदन, प्रात्यक्षिक' असा ठेवला आहे. मला तांड्यातल्या पाच-सहा बायका पूर्ण पोशाखात आणायच्या आहेत. वेळ चार मिनिटं. मजकूर आनंददायी असावा. रडणं, पण आनंददायी.

मी बायका नेल्या नाहीत. एकटी गेले, साध्या साडीत. सातवा क्रमांक पुकारला. मी वर गेले. पहिल्या रांगेत पाहुणे, शेजारी साहेब, त्यांच्या मागं प्राध्यापक. माइक हातात आला. साहेबांनी मान डोलावली, म्हणजे सुरू कर.

मी म्हणाले, "मी रडणार नाही. रडायला दुसरी लागते, आणि तिनं शेवटपर्यंत ऐकायचं असतं. इथं तसं कुणी दिसत नाही. तेव्हा मी नुसतं सांगते."

आणि मी त्या पाच ओळी सांगितल्या. सुरात नाही. मराठीत, बाजाराची यादी वाचावी तशा. कुलूप, ऊन, शेवंता, चावी, हार. तिसऱ्या ओळीला साहेबांचा हात वर गेला आणि माइक बंद झाला. मी उरलेल्या दोन तशाच सांगितल्या. आवाज पुढच्या तीन रांगांच्या पलीकडं गेला नसेल. हार कुणाच्या गळ्यात पडला ते मी बोट करून सांगितलं, आणि तारीख सांगितली, आणि तो फोटो कुठल्या भिंतीवर आहे ते सांगितलं.

काही घडलं नाही. लोकांना वाटतं अशा वेळी सभागृह स्तब्ध होतं. नाही होत. पाहुण्यांनी शेजारी वाकून काही विचारलं, साहेब काहीतरी म्हणाले, पाहुणे हसले. निवेदिकेनं आठवा क्रमांक पुकारला. लेझीम होतं. मागं समोसे वाटायला सुरुवात झाली होती. एका शिपायानं मला दंडाला धरून नाही, नुसतं बाजूनं चालत, दारापर्यंत आणलं. तिथं तो हळूच म्हणाला, "बाई, बसची वेळ हाय का तुमची?" तेवढीच त्या दिवशीची माणुसकी.

नोकरी गेली. पत्रात लिहिलं होतं, 'वर्तणूक'. पुढं काही नाही.

पण सभागृहात बोलणं सोपं होतं. ते माझे कुणी नव्हते. अवघड जागा दुसरीच होती. मी रफिकभाईंच्या घरी गेले. त्यांनी न विचारता दोन्ही कॅसेट काढून दिल्या, रेडिओवर लागलेली आणि मूळची प्रत. स्वतःचा जुना टेपरेकॉर्डर दिला, सेल घालून. म्हणाले, "कापलेली जागा लोकांना दाखव. नुसतं पुरं ऐकवशील तर त्यांना वाटेल नवीन केलं."

जमनाकाकीच्या तांड्यात नायकाच्या दारापुढं दुपारी माणसं जमवली. शेवंताच्या सासरचेही आले होते, मी निरोप धाडला होता. आधी रेडिओवर लागलेलं ऐकवलं. मग रफिकभाईंची प्रत. पितळेचं कुलूप आलं, हार आला. बायकांत हालचाल झाली. मी टेप थांबवली आणि म्हणाले की हे काकीनं गाळलेलं नाही. हे मी कापलं. साहेबानं सांगितलं म्हणून, नोकरीसाठी, ह्या हातानं. हात पुढं केला. का ते मला माहीत नाही, पण केला.

शेवंताची नणंद म्हणाली, "सायबाचं नाव काहून घेतीस मग? हात तर तुजाच हाय."

बरोबर बोलली. इतकं बरोबर मला आजवर कुणी बोललेलं नाही.

नायक काहीतरी समजुतीचं बोलायला लागला. काकीनं त्याला हातानं थांबवलं. ती उठली, शेवंताच्या सासूपुढं गेली. सासू उठली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि काकीनं पहिल्यापासून सुरुवात केली. पाजल्यापासून. कुलपाशी आली तेव्हा सासूनं स्वतःची ओळ घातली. आम्ही सगळे बसून होतो. मला कुणी उठ म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.

काकी अजून माझ्या गळ्यात पडलेली नाही. मी गेले की चहा देते. मी पिते आणि येते.

उपकेंद्राला नवं कुलूप आलं. आधीचं जुनं झालं होतं म्हणे. साहेबांची बढती झाली, फोटो ते सोबत घेऊन गेले. रेडिओवर आता स्वच्छतेची गाणी लागतात, आमच्या बोलीत, कुणी तरी दुसरी पोरगी भाषांतर करते. मी तिला जाऊन भेटले. माझ्या कागदाची नक्कल दाखवली. पाच ओळी, स्वच्छ कागद, खाली एक सही. तिला म्हणाले, नीट बघ, ह्याच्यावर सायबाचा कुठं पत्ता आहे का. तिनं कागद उलटून पाहिला. मग म्हणाली, "ताई, कालच नव्या सायबानं माज्या कागदावर रेघा मारल्यात."

"पेन्सिलीनं?"

"व्हय. कागद हा इथंच हाय, उद्या परत द्यायचाय."

मी माझ्या पिशवीतून शाईचं पेन काढून तिच्यापुढं ठेवलं. त्या रेघा आजच्या आज गिरव म्हणाले, खोडायच्या आधी. बाजूला तारीख घाल, सायबाचं नाव घाल, कुठल्या खोलीत मारल्या ते घाल, आणि मग त्याची एक प्रत मला दे. ज्याची त्याची रेघ आता ज्याच्या त्याच्या नावावर राहील. माझी माझ्या नावावर आहेच. ती मी खोडणार नाही, आणि दुसऱ्या कुणाची खोडू देणार नाही.

तिनं पेन उचललं. पहिली रेघ गिरवली, बाजूला तारीख घातली. मी उठले आणि दाराला आतून कडी लावली.